तीन महिन्यांचा फॅशन डिझाइन कोर्स : कोरी पाटी घेऊन जाणाऱ्यांसाठी

सुईत दोरा ओवण्यापलीकडे शिवणाचा काहीच अनुभव नाही, पायमशीनवर कधी बसलेला नाहीत, तरी फॅशन डिझाइनचा एखादा छोटा कोर्स करावा असं मनात घोळतंय, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी कोल्हापुरात एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. व्हर्नियर, स्क्रू गेज, तराजू यांच्यात माझा दिवस जातो. पंचेचाळिशी ओलांडल्यावर राजारामपुरीतल्या एका संध्याकाळच्या वर्गात मी तीन महिन्यांचा कोर्स केला आणि त्यातून माझं एक पक्कं मत झालं. कोर्स छोटा असेल तर त्यातला जास्तीत जास्त वेळ ड्राफ्टिंगला आणि फिटिंगला द्यावा. अंगाचं माप कागदावर कसं उतरतं आणि कागदावरून कापडावर कसं जातं हे एकदा हाताला कळलं, की रंगसंगती, डिझाइन, भरतकाम, लेस हे सगळं घरी बसून वाढवता येतं. नुसती सुंदर चित्रं काढायला शिकून मात्र मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेभोवतीची गोलाई, बसवता येत नाही.

वर्ग कसा निवडावा

पर्याय बरेच आहेत आणि ते एकमेकांसारखे नाहीत. आयटीआयमध्ये ‘फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ आणि ‘सुइंग टेक्नॉलॉजी’ हे एक वर्षाचे ट्रेड आहेत. वर्षभर रोज जाता येत असेल तर त्यांच्याइतका पाया दुसरीकडे क्वचितच मिळतो. निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या) मुंबई केंद्रात, म्हणजे खारघरला, नोकरी करणाऱ्यांनाही जमतील असे निरंतर शिक्षणाचे अभ्यासक्रम असतात, पण ते खर्चिक आहेत आणि त्यांना वेळही जास्त लागतो. ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं आहे त्यांच्यासाठी जन शिक्षण संस्थान आहे. ही केंद्र सरकारची योजना आहे आणि अनेक जिल्ह्यांत तिथे अगदी नाममात्र फीमध्ये शिवणकाम शिकवतात. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही येतं, पण ती आधीपासून हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. कोऱ्या पाटीच्या माणसाने तिच्यावर विसंबून राहू नये. उरतात ते गल्लोगल्लीचे खाजगी वर्ग. बहुतेकजणींची पावलं तिकडेच वळतात, माझीही वळली.

खाजगी वर्ग निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा. मूड बोर्ड, पोर्टफोलिओ, रॅम्प शो, कॅड (संगणकावरचं ड्राफ्टिंग) हे शब्द सगळ्याच पत्रकांवर असतात. प्रत्यक्ष वर्ग चालू असताना जा आणि थोडा वेळ नुसतं बसून बघा. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात ब्राउन पेपरच्या पट्ट्या आणि कापडाचे तुकडे ओसंडून वाहत असतील तर तिथे काम चालतं असं समजा. मग जुन्या विद्यार्थिनींनी शिवलेला एखादा कपडा मागून घ्या आणि उलटा करून पाहा. सुलट बाजू कोणीही सजवेल. शिवण कशी चाललीय, कडांचे धागे सुटू नयेत म्हणून त्या ओव्हरलॉक केल्यात का, अस्तर कुठे ओढलंय, हे सगळं आतली बाजू सांगते.

आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा. माझ्या हाताने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, किती कपडे पूर्ण होणार? एका मशीनमागे किती जणी? आणि ड्राफ्टिंग पूर्ण मापात करून घेणार की फक्त वहीत पाव मापात? वहीतलं छोटं ड्राफ्टिंग समजून घ्यायला छान असतं, पण हाताला अंदाज येतो तो ब्राउन पेपरवर, ओट्यावर किंवा जमिनीवर पसरून, खऱ्या मापाने काढल्यावरच. ‘चार कपडे पूर्ण होतील’ असं शांतपणे सांगणारी बाई ‘पंचवीस डिझाइन्स शिकवू’ म्हणणाऱ्या वर्गापेक्षा केव्हाही बरी. तीन महिन्यांत कॅडवर दोन आठवडे घालवणारा वर्ग मी तरी टाळेन. हाताने एकही पॅटर्न, म्हणजे कपड्याचा कागदी साचा, न काढलेल्या माणसाला पडद्यावरच्या रेघा काही सांगत नाहीत.

सामान : थोडं, पण नीट

मशीन लगेच विकत घेऊ नका. वर्गात निरनिराळ्या मशीन हाताळून झाल्या की तुम्हाला काय हवं ते आपोआप कळतं. सुरुवातीला शेजारणीचं जुनं काळं पायमशीन मिळालं तरी पुरे.

कात्र्या मात्र दोन हव्यातच, कापडाची वेगळी आणि कागदाची वेगळी. कापडाच्या कात्रीला घरात कोणालाही हात लावू देऊ नका, दुधाची पिशवी कापायला तर मुळीच नाही. मेजटेप साधारण ६० इंचांची म्हणजे १५० सेंटिमीटरची असते. ती नवी असली तरी स्टीलच्या पट्टीवर ठेवून तपासा. हे मी प्रयोगशाळेतल्या सवयीने सांगते, पण त्यात खरोखर अर्थ आहे. हलक्या टेपा वापरून ताणल्या जातात, आणि टेप पाव इंचाने खोटं बोलत असेल तर तुमचं सगळं गणित खोटं. बाकी टेलरिंगचा काटकोनी एल-स्केल, वळणं काढायचा फ्रेंच कर्व्ह, खडू, टाचण्या, शिवण उसवायची उसवणी आणि ब्राउन पेपरची गुंडाळी. मशीनच्या सुया ११, १४ आणि १६ नंबरच्या घ्या. तलम कापडाला ११, नेहमीच्या सुतीला १४, जाड कापडाला १६. सुई बोथट झाली की कापडातून जाताना टक्‌टक् आवाज येतो. तो आला की कंजूषपणा न करता ती बदला.

माप

पहिला आठवडा मापात गेला तर कुरकुर करू नका. खरं म्हणजे तोच आठवडा सगळ्यात मोलाचा असतो.

ज्याचं माप घ्यायचं त्याला ‘नेहमीसारखे उभे राहा’ असं सांगितलं की माणूस लगेच छाती काढून ताठ उभा राहतो. त्या ताठपणाचं माप घेतलं तर कपडा त्या ताठपणालाच बसतो. म्हणून थोडं बोलत राहायचं आणि खांदे सैल झाले की टेप लावायची. कंबरेला आधी एक नाडी बांधा. ती आपोआप कंबरेच्या खऱ्या जागी जाऊन बसते, आणि पाठीची उंची मानेच्या हाडापासून त्या नाडीपर्यंत मोजता येते. छातीचं माप घेताना टेप पाठीमागे खाली घसरलेली नाही ना हे आरशात बघा. छाती, कंबर, सीट, शोल्डर, पाठीची रुंदी, मुंढा, बाहीची उंची, दंडाचा घेर, गळा, पूर्ण उंची एवढी मापं तरी हवीतच.

आमच्या वर्गात आम्ही एकमेकींची मापं घ्यायचो आणि बाई तीच मापं पुन्हा दुसरीकडून घ्यायला लावायच्या. दोन मापांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडला की तिसरीने घ्यायचं. प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांना रीडिंग पुन्हा घ्यायला लावतो ते याचसाठी. तुमच्या वर्गात ही पद्धत नसेल तर तुम्ही सुरू करा.

छातीच्या घेरावर थांबू नका, समोरची आणि मागची रुंदी वेगवेगळी मोजा. दोन बायकांची छाती ३६ इंच असते, पण एकीची पाठ रुंद असते आणि दुसरीचा पुढचा भाग भरलेला. दोघींना एकाच साच्यातला ब्लाउज घातला तर एकीच्या पाठीवर ताण येणार आणि दुसरीचे हूक ओढले जाणार.

ड्राफ्टिंग

इथे घाबरण्यासारखं काही नाही, चौथीपर्यंतचं गणित पुरतं. छाती ३६ असेल तर चौथा भाग ९ इंच, कारण कागदावर आपण शरीराचा पाव हिस्साच काढतो : एकदा अर्धी पाठ, एकदा अर्धा पुढचा भाग. साध्या कुर्त्याला छातीभोवती ३ ते ४ इंच ढिलाई लागते, तिचा पाव हिस्सा म्हणजे जवळपास १ इंच. झाले १० इंच. त्याबाहेर शिवणीची माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं जास्तीचं कापड. बाजूला दीड इंच माया ठेवायची आपल्याकडची पद्धत फार शहाणी आहे, कारण पुढे अंग सुटलं तर कपडा सोडता येतो. मुंढ्याला आणि गळ्याला मात्र अर्धा इंचच पुरे. तिथे माया जास्त झाली तर वळणावर कापड गोळा होतं.

मुंढ्याच्या खोलीची आणि गळ्याच्या रुंदीची सूत्रं वर्गावर्गात वेगळी असतात. छातीचा सहावा, आठवा, बारावा भाग, त्यात अर्धा मिळवा, पाऊण मिळवा. एकच सूत्र धरून पूर्ण कपडा करा. यूट्यूबवरच्या एका ताईंची मुंढ्याची खोली आणि वर्गातल्या बाईंची बाही असं एकत्र केलं तर बाही मुंढ्यात बसत नाही, आणि चूक नेमकी कुठे आहे हे दोघींपैकी कोणीच सांगू शकत नाही.

बाही हा कोर्समधला सर्वात अवघड आणि सर्वात सुंदर भाग. पुढच्या मुंढ्याचं वळण मागच्यापेक्षा खोल असतं, कारण हात पुढे जातात. बाहीचा वरचा उंचवटा जितका उंच, तितकी बाही खांद्यावरून सरळ आणि नेटकी उतरते, पण हात वर करताना सगळा कपडा उचलला जातो. उंचवटा कमी केला तर हात मोकळा, पण काखेत थोडं कापड जमतं. बसमध्ये दांडी धरून उभं राहणाऱ्या बाईचा कुर्ता आणि लग्नात मिरवायचा ब्लाउज यांच्या बाह्या म्हणूनच वेगळ्या काढाव्या लागतात. मला डिझाइन म्हणजे काय ते इथे समजलं. एकीची सोय आणि तिचं दिसणं यांच्यामध्ये आपण एक रेघ ओढतो आणि ती कुठे ओढायची हे आपण ठरवतो. या भागासाठी वर्गात जास्त वेळ मागून घ्या. लाजू नका.

टक्सबद्दल, म्हणजे कपड्याला गोलाई द्यायला घातलेल्या निमुळत्या चुण्यांबद्दल, एवढंच : टक्सचं टोक छातीच्या उंच बिंदूकडे जावं, पण त्याच्यावर पोचू नये. इंचभर आधी थांबलं की गोलाई नैसर्गिक दिसते.

कापड

कापडाचा उभा धागा म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा, आणि तिरका गेलात की उरेब. उभा धागा ताणत नाही, आडवा थोडा देतो, उरेब भरपूर ताणतं. कपडा दोन धुण्यांत एका बाजूला वळला तर बहुतेक वेळा बेतताना धागा सरळ नव्हता असं समजावं. म्हणून काठाला समांतर रेघ आखल्याशिवाय पॅटर्न ठेवू नका. शंका आली तर कापडाच्या टोकाला छोटा काप देऊन एक आडवा धागा ओढून काढा. जी रेघ उमटेल तीच खरी सरळ.

सुती कापड बेतण्याआधी पाण्यातून काढा. शंभरात तीन-चार टक्के आटणं सुतीला काही विशेष नाही, आणि ४० इंचांच्या कुर्त्यात ते इंचाहून जास्त होतं. अस्तरही भिजवा. कुर्ता आटला आणि अस्तर तसंच राहिलं तर खालून फुगा येतो. दुकानात कापड मागताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायची सवय लावा. ३६, ४४ आणि ५८ इंची पन्ह्यात एकाच कुर्त्याला वेगवेगळं कापड लागतं.

पहिला कपडा थेट चांगल्या कापडावर करू नका. मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर करा. आम्हाला ते सोपं, इचलकरंजी जवळ आणि कापडासाठी गांधीनगरचा बाजार हाकेच्या अंतरावर. पुण्याच्या लोकांना रविवार पेठ आहे, मुंबईकरांना दादरचं हिंदमाता आणि मंगलदास मार्केट. मांजरपाट स्वस्त असतं, त्यावर पेनाने लिहिता येतं आणि ते प्रामाणिक असतं, पॅटर्नमधली कोणतीही चूक झाकत नाही. रेशीम आणि शिफॉन पहिल्या तीन महिन्यांत हाताळू नका. सुळसुळीत कापड कात्रीखाली सरकतं आणि नवशिक्याला आपलीच चूक वाटते. खणाचा ब्लाउज शिवायचा मोह सगळ्यांना होतो. खणाचा पन्हा लहान, काठाची दिशा ठरलेली, तेव्हा आधी कागदाचे तुकडे खणावर ठेवून मांडणी जुळते का ते बघा, मगच कात्री लावा.

मशीनवर

दोरा न ओवता कागदावर शिवायला सुरुवात करा. वहीच्या रेघांवरून सरळ, मग चौकोन, मग गोल, मग गोगलगाईसारखं वळण. पाय आणि हात एकमेकांशी जमले की मग दोरा. नेहमीच्या शिवणीला इंचात १० ते १२ टाके ठेवा. खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं तर सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात. बहुधा दोष वरच्या ओवणीत असतो, म्हणून सगळं काढून वरून पुन्हा ओवा. आणि प्रत्येक शिवण पुढची टीप मारण्याआधी इस्त्रीखालून काढा. घरगुती शिवण आणि बुटिकचं शिवण यांत डोळ्याला दिसणारा निम्मा फरक इस्त्रीचा असतो.

आईचा ब्लाउज

मी या वाटेला गेले ते आईमुळे. तिच्या पाठीला पोक आलाय आणि बाजारातला कोणताही ब्लाउज तिला मागून वर चढतो, पुढे मात्र लोंबतो. ती दिवसभर मागून ओढत असते. वर्गात फिटिंगचा तास आला तेव्हा बाईंनी सुरकुत्या वाचायला शिकवलं. आडव्या सुरकुत्या म्हणजे तिथे घट्ट, उभ्या म्हणजे सैल, आणि तिरक्या सुरकुत्या ज्या जागेकडे बोट दाखवतात तिथे कापड कमी पडतंय. मी आईला मांजरपाटाचा ब्लाउज घालून पाठीमागून बघितलं, तर सगळ्या सुरकुत्या दोन्ही बाजूंनी पोकाच्या उंचवट्याकडेच चाललेल्या.

त्यावरचा उपाय इथे देते, कारण कितीतरी घरांत अशी आई, आजी किंवा सासूबाई असते. मागच्या पॅटर्नवर मानेच्या खाली साधारण चार इंचांवर, पाठीच्या मधल्या रेघेपासून मुंढ्यापर्यंत आडवा काप द्या, पण मुंढ्यापाशी कागद पूर्ण तोडू नका. मग मधल्या बाजूला काप अर्धा ते एक इंच उघडा आणि खाली कागद चिकटवा. पोक किती आहे त्यावर ते ठरतं. आता मधली रेघ वरच्या भागात बाहेर तिरकी गेलेली दिसेल. ती सरळ करून घ्या आणि त्यामुळे गळ्यात वाढलेलं कापड मागच्या गळ्याला छोटा टक घेऊन आत घाला. पुढची उंची तेवढीच थोडी कमी करा, कारण पोकामुळे छाती आत जाते. पुन्हा मांजरपाट शिवा, पुन्हा घालून बघा. हे झाल्यावर खऱ्या कापडाचा ब्लाउज झाला. आईने तो घातला, बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि एकदाही मागे हात नेला नाही.

अशा कोणत्यातरी एका खऱ्या माणसासाठी कोर्स करा. पुतळ्याला सगळंच बसतं. डाव्या-उजव्या खांद्यात फरक असलेला भाऊ, बाळंतपणानंतर अंग बदललेली बहीण, व्हीलचेअरवर बसणारे काका, यांच्यापैकी कोणीतरी डोळ्यांसमोर असलं की प्रत्येक तासाला तुमच्याकडे विचारायला प्रश्न असतात.

चित्र येत नाही म्हणून

अनेकजणी यामुळेच अडतात. वर्गात क्रोकी काढायला शिकवतात, म्हणजे नऊ-दहा डोक्यांएवढी उंच आकृती. खरा माणूस साडेसात डोक्यांएवढा असतो, तेव्हा ती आकृती मुद्दाम लांबवलेली असते. ती नाही जमली तरी अडत नाही. त्याऐवजी सपाट रेखाटन नीट शिका : कपडा टेबलावर पसरल्यासारखा पुढून आणि मागून, शिवणी कुठे, टक्स कुठे, बटणं किती, काज उभं की आडवं. शिवणाऱ्याला तेच लागतं.

चित्रकलेचं मोल मी कमी करत नाही. आमच्याच कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथय्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, कपड्यांकडे चित्रांतूनच आल्या, आणि १९८३ साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. पण त्यांच्यामागे वर्षानुवर्षांची साधना होती. तुमच्याकडे तीन महिने आहेत, त्यांची वाटणी विचार करून करा.

सर्टिफिकेट हातात आल्यावर

तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर कोणी डिझायनर म्हणून नोकरी देत नाही, आणि तसं आश्वासन देणाऱ्या वर्गापासून लांब राहा. मात्र अल्टरेशन, पिको-फॉल, शेजारपाजारचे कुर्ते एवढं काम घरबसल्या मिळायला लागतं. ते घ्या, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाची आणि पॅटर्नची वेगळी पाकिटं करा आणि वर तारीख लिहा.

कोर्स संपल्या संपल्या नवीन डिझाइनच्या मागे लागू नका. वर्गात केलेला तोच कुर्ता, तोच पॅटर्न, आधी पॉपलिनवर करा, मग रेयॉनवर, मग थोड्या जाड हातमागावर. एकच रेघ तीन कापडांत तीन तऱ्हेने पडते. रेयॉनमध्ये खांदा उतरेल, हातमागात बाही ताठ उभी राहील. काय बदललं ते पॅटर्नवरच पेन्सिलीने लिहून ठेवा. चौथ्या वेळी फक्त बाही बदला, बाकी कशालाही हात लावू नका.